मदत हवी आहे: पीसीचा मदरबोर्ड कसण्याआधी जागेचा अंदाज घेतोय

राम राम मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात भावाच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासाठी पीसी जोडतोय. मायक्रो-एटीएक्स (मध्यम आकाराचा) मदरबोर्ड, २४४ बाय २४४ मिमी, अजून पुठ्ठ्यावरच ठेवलाय. पार्ट बदलायचा म्हणजे थेट यवतमाळ गाठा, म्हणून आधी विचारतो. एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवायचा, पहिला स्लॉट नेमका ग्राफिक्स कार्डाखाली येतो. दुकानावर टिनं, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. एसएसडी तापणार नाही का? खालचा स्लॉट मोकळा आहे, पण तो वापरला की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कची केबल जोडायचे, दोन पोर्ट बंद होतात, असं मॅन्युअलमध्ये दिलंय. जुनी हार्ड डिस्क तर लावायचीच आहे, त्यात सगळा हिशेब आहे. उरलेल्या पोर्टवर ती बिनघोर चालेल ना? आणि प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची वायर वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते, तिथे कॅबिनेटमध्ये बोटही शिरत नाही. ती आधी ओवून ठेवून मग बोर्ड कसावा का, भाऊ?