मदत हवी आहे: क्वेबेकमधली वंशावळ १८१० च्या मागे सरकत नाही

नमस्कार मंडळी. लेक माँट्रियलला असते, जावई तिथल्याच जुन्या फ्रेंच घराण्यातले. नातीसाठी दोन्हीकडची वंशावळ करायला घेतली आहे. आमच्या पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांत सापडल्या. जावयांकडे मात्र अडलंय.

त्यांचं आडनाव देजार्दां. कामुरास्का भागातल्या चर्चच्या नोंदींतून १८१० च्या एका लग्नापर्यंत पोचले. तिथे नवरदेव 'रुआ दी देजार्दां' आणि त्याचे वडील नुसतेच 'रुआ'. घराणं एकच समजायचं का?

शिवाय नावं! एका घरात चार मुली, चौघीही 'मारी'. मुलगे सगळे 'जोझेफ'. दोन मुलींचं तर अख्खं नाव सारखं. कोणती कोण, कसं ठरवायचं? फ्रेंच जावई वाचून सांगतात, तेव्हा भाषेची अडचण नाही. ज्यांनी या नोंदी स्वतः चाळल्यात त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, घराणं एकच असणार. 'दी' म्हणजे 'ऊर्फ'. आपल्याकडे एकाच भावकीत कुणी गावावरून तर कुणी वतनावरून आडनाव लावतं, तसंच हे. बरीचशी ऊर्फ नावं फौजेतली. १६६५ साली फ्रान्सच्या कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचे सुमारे १२०० शिपाई आले, त्यातले चारेकशे तिथेच वसले. आंत्वान रुआ दी देजार्दां त्यांपैकीच. पुढे कुणी रुआ राहिले, कुणी देजार्दां झाले. पतपेढ्यांची चळवळ उभी करणारे आल्फोंस देजार्दां यांचे वडीलही रुआ दी देजार्दां. म्हणून शोध दोन्ही आडनावांनी घ्या. फादर तांगे यांच्या वंशावळींच्या कोशाच्या (१८७१ ते १८९०) सातव्या खंडात अशा जोडनावांची यादी आहे. कोशात चुका आहेत, त्यामुळे मूळ नोंदीशी ताडून घ्याच.

'मारी' आणि 'जोझेफ' बाप्तिस्म्याच्या वेळी सर्रास लावत. हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं, आणि ते पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं. एकच नाव दोनदा दिसलं की आधी दफनाची नोंद बघा. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती. वाचताना जीव हळहळतो, पण गुंता तिथेच सुटतो.

आणि बारशांपेक्षा लग्नं धरून मागे जा. लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं तर माहेरच्या आडनावासकट. तिथल्या बायका कागदोपत्री जन्मभर माहेरचंच नाव लावत. रुआ नावाचे बाप ढिगाने सापडतील, पण नवरा-बायकोची नेमकी जोडी क्वचितच दुसरी निघते. माँट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पात १८०० च्या आधीच्या नोंदी अशा जोडप्यांनुसारच लावल्या आहेत.

मूळ प्रश्नकर्ती
फार फार आभार! १८१० च्या नोंदीत नवरदेवाच्या आईचं माहेरचं आडनाव अगदी स्वच्छ आहे, आता तिचंच लग्न शोधते. पण नवरी विधवा आहे आणि तिच्या आईवडिलांच्या जागी फक्त पहिल्या नवऱ्याचं नाव आहे. तिथे काय करावं?

प्रतिसाद १
पुनर्विवाहात तसंच लिहीत. पहिल्या नवऱ्याच्या नावावरून तिचं पहिलं लग्न काढा, आईवडील त्यात मिळतील. ती नोंद फाटलेली असली तर नोटरीकडचा विवाहकरार शोधा. लग्नाआधी करार करायची पद्धत सर्वसामान्य शेतकरी घरांतही होती, आणि त्यात कधीकधी काका-मामाही नावानिशी हजर असतात.