मदत हवी आहे: वॉर्डातल्या गुणवत्ता सुधारणेचं नेतृत्व कसं शिकायचं?

दवबिंदू
११ वर्षं नर्सिंग झालं. आता मजल्यावरची गुणवत्ता सुधारणा माझ्याकडे दिलीये. औषधं वेळेवर जात नाहीत, ते सुधारायचंय. ट्रेनिंग घेतलं, पोस्टर लावली, तक्ता लावला. दीड महिन्यात फरक शून्य, उलट सिस्टर माझ्याशी बोलेनाशा झाल्यात. पुढच्या आठवड्यात आढावा बैठक आहे. कोणता कोर्स करू? लवकर सांगा.

तळटीप
'वेळेवर' म्हणजे किती? सगळी औषधं की फक्त इन्सुलिन, अँटिबायोटिक? उशीर कोणत्या पाळीत?

पायवाट
कोर्स कराच. मला पीडीएसए तिथेच उमगलं. म्हणजे छोटा बदल ठरवायचा, करून पाहायचा, काय झालं ते अभ्यासायचं, मग पुढचं पाऊल. एक सिस्टर, एक पाळी, एवढ्यावरच सुरुवात करा.

आलेखवाला
कोर्स नंतर. आधी रन चार्ट. रोज किती डोस उशिरा गेले त्याचं एक टिंब, मध्यकाची रेघ. लागोपाठ ६ टिंबं रेघेच्या एकाच बाजूला आली तर काहीतरी खरंच बदललंय. महिन्याच्या सरासरीवरून हे कळत नाही.

पायवाट
माणसं बोलत नाहीत म्हणतायत त्या, आणि तुम्ही टिंबं मोजताय!

आलेखवाला
आकडे नसले की खापर माणसांवरच फुटतं. म्हणून मोजायचं.

निळाई
जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आहे, १९ मुद्द्यांची. ओटीत मोठ्यानं वाचायची. आमच्याकडे फार उपयोग झाला.

तळटीप
निळाई, प्रश्न वॉर्डातल्या औषधांचा आहे.

दवबिंदू
सांगायचं राहिलं. एक तासाच्या वर गेलं की उशीर धरते, सगळीच औषधं. बहुतेक संध्याकाळी होतो. कुणाचे किती डोस उशिरा गेले ते तक्त्यावर नावानिशी लिहिते.

तळटीप
इथेच अडलंय. नावं आजच काढा. मीही हेच केलं होतं. महिन्याभरात चुका कळवणंच थांबलं, चुका होत्या तिथेच. बैठकीचं नंतर बघा, आधी दोन संध्याकाळी ट्रॉलीबरोबर स्वतः फिरा. राउंडनंतर ऑर्डर कधी लिहिली जाते, औषध वर कधी येतं, सगळं घड्याळ बघून टिपा.

सायंतारा
थोडं अवांतर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या आयसीयूत सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गासाठी ५ कलमांची यादी केली होती. यादी सगळ्यांना आठवते. पण एखादी पायरी गाळली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार वरिष्ठांनी नर्सना दिला होता, ते कुणी सांगत नाही. तुमच्या पाठीशी वरचं कुणी आहे का?

दवबिंदू
मेट्रन आहेत. नावं काढली. काल ट्रॉलीबरोबर गेले. डोस ७ चा, औषध फार्मसीतून आलं सव्वाआठला. मी दीड महिना त्या सिस्टरचं नाव लिहीत होते, फार वाईट वाटतंय. फार्मसीत बोलायला मेट्रनना नेऊ का?

तळटीप
मेट्रनना कळवून ठेवा. सोबत त्या सिस्टरलाच न्या, आधी तिची माफी मागून.

आलेखवाला
आणि औषध वर आल्याची वेळ आजपासून लिहायला घ्या.