मदत हवी आहे: विषुववृत्त ओलांडणाऱ्या क्ष-किरण वेटोळ्यांचे तापमान

हिनोदे या सूर्यनिरीक्षक उपग्रहावरील एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमांवरून सूर्याच्या दोन गोलार्धांतले सक्रिय प्रदेश (तीव्र चुंबकीय भाग) जोडणाऱ्या, तप्त वायूच्या प्रचंड वेटोळ्यांचे तापमान काढते आहे. एएल-मेश आणि टीआय-पॉली या फिल्टरांच्या प्रतिमा एक्सआरटी-प्रेप या प्रतिमा-दुरुस्तीच्या प्रणालीमधून काढून, एकमेकींवर जुळवून त्यांच्या तेजाचे गुणोत्तर घेते; त्यावरून तापमान मिळते. वेटोळ्याच्या पायाशी आकडे स्थिर आहेत. माथ्याशी मात्र शेजारच्या पिक्सेलांतही तापमान उड्या मारते.

४×४ पिक्सेल एकत्र केले (मूळ पिक्सेल सुमारे १.०३ कोनीय सेकंद), गोंगाट घटला, पण पार्श्वभूमीचा पट्टा वेटोळ्याच्या पूर्वेऐवजी पश्चिमेला घेतला की उत्तरच बदलते. माथा इतका फिकट, की वजाबाकीनंतर फारसे काही उरतच नाही! दीर्घ एक्स्पोजर घ्यावे तर सक्रिय प्रदेशाचा गाभा संपृक्त होऊन प्रकाश ओघळतो. म्हणून लहान-मोठी एक्स्पोजर जोडते.

प्रतिमा मे २०१२ नंतरच्या आहेत, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरच्या बिघाडाने दृश्य प्रकाशाची गळती आहेच. फिकट भागात ती गुणोत्तर बिघडवते. गळतीची दुरुस्ती एक्स्पोजर जोडण्याआधी करावी की नंतर? आणि पार्श्वभूमी दोन्ही बाजूंमधून रेषीय धरणे वक्र वेटोळ्याला चालेल का? हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.