मॅगिलिकडी आणि क्रेझी हॉर्स: याला मैत्री म्हणायचे का?

अनिरुद्ध स.

गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने अमेरिकी लष्करातील डॉक्टर व्हॅलेंटाइन मॅगिलिकडी आणि अमेरिकेतील लाकोटा आदिवासींच्या ओग्लाला शाखेचा युद्धनायक क्रेझी हॉर्स यांच्यावर लेख लिहिला होता. डॉक्टरने सरदाराच्या क्षयग्रस्त पत्नीवर उपचार केले, त्यातून दोघांचे सूत जमले, आणि सरदाराला संगिनीने भोसकल्यावर डॉक्टर अखेरपर्यंत त्याच्या उशाशी होता, असे सांगून 'मैत्रीने युद्धावर मात केली' अशा वाक्याने लेख संपवला होता. त्याखाली 'डोळे पाणावले' असे प्रतिसाद एकामागून एक पडलेले पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने अमेरिकी सरकारने ब्लॅक हिल्स ही डोंगररांग लाकोटांची म्हणून मान्य केली. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेने तेथे सोने असल्याची बातमी आणली आणि १८७५ मध्ये न्यूटन-जेनी पाहणी पथक त्या डोंगरांची मोजणी करायला गेले. त्या पथकाचा नकाशाकार म्हणजे हाच मॅगिलिकडी. पुढच्या वर्षी तो जनरल क्रूकच्या फौजेबरोबर शल्यचिकित्सक म्हणून होता. १७ जून १८७६ रोजी रोजबडच्या लढाईत समोर क्रेझी हॉर्स होता. सप्टेंबरात उपाशी फौज स्वतःचेच घोडे मारून खात स्लिम बट्स येथे पोहोचली, तेथील लाकोटा वस्तीवर पहाटे तुटून पडली, हिवाळ्यासाठी वाळवून ठेवलेले मांस तिने फस्त केले आणि वस्ती जाळून टाकली. पोटात गोळी लागलेला अमेरिकन हॉर्स नावाचा सरदार हाताने आतडी धरून घळीतून बाहेर आला. त्याच्यावर मॅगिलिकडीनेच उपचार केले. सरदाराने क्लोरोफॉर्म नाकारले, दातांत काटकी धरली आणि त्या रात्री तो गेला.

क्रेझी हॉर्स ६ मे १८७७ रोजी सुमारे नऊशे माणसांसह नेब्रास्कातील कँप रॉबिन्सन येथे शरण आला. घोडे आणि बंदुका काढून घेतल्या गेल्या आणि त्यानंतरच डॉक्टर त्याच्या तंबूत शिरला. मे ते सप्टेंबर एवढाच या मैत्रीचा काळ आहे. ज्याची बंदूक तुम्ही काढून घेतली आहे, ज्याचा शिधा तुमच्या कोठारातून येतो आणि ज्याच्या बायकोचे औषध तुमच्या पेटीत आहे, तो माणूस तुमच्याशी सलोख्याने वागला तर त्याला मैत्री म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

सुनीता वै.

अनिरुद्धजी, आपण सनावळी बिनचूक दिलीत, पण ज्या रात्रीमुळे ही गोष्ट सांगितली जाते ती रात्रच वगळलीत. ५ सप्टेंबरला क्रेझी हॉर्सला 'अधिकाऱ्यांशी बोलता येईल' असे सांगून परत आणले गेले. कर्नल ब्रॅडली भेटला नाही आणि त्याने कोठडीत टाकण्याचा हुकूम दिला. दारातून आतले गज दिसताच क्रेझी हॉर्स उसळून मागे फिरला, लिटल बिग मॅन नावाच्या लाकोटानेच त्याचे हात धरले आणि पहाऱ्यावरच्या शिपायाची संगीन पाठीकडून मूत्रपिंडाच्या भागात घुसली. बाहेर दोन्ही बाजूंनी बंदुका रोखलेल्या होत्या. कॅप्टन केनिंग्टन म्हणत होता, हुकूम कोठडीचा आहे, तेव्हा जखमीला कोठडीतच न्यायचे. मॅगिलिकडी ब्रॅडलीकडे गेला, नकार घेऊन परतला, पुन्हा गेला, आणि जखमीला ॲडज्युटंटच्या कचेरीत नेण्याची परवानगी घेऊनच आला. त्याने मॉर्फिनची इंजेक्शने दिली. अशा जखमेवर १८७७ मध्ये आणखी काही करता येण्यासारखे नव्हते, हे कोणीही डॉक्टर सांगेल. मध्यरात्रीच्या सुमारास क्रेझी हॉर्स गेला, तेव्हा खोलीत त्याचे वडील, टच द क्लाउड्स हा लाकोटा सरदार आणि हा डॉक्टर होता.

मी जिल्हा रुग्णालयात नोकरी केली आहे. एकदा पोलीस बंदोबस्तातला रुग्ण आला. फुप्फुसात पाणी, बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता, आणि हात खाटेच्या गजाला बेडीने अडकवलेला. बेडी काढा म्हणून मी वरिष्ठांना विनवले. उत्तर मिळाले की तो आपला विषय नाही. दुसऱ्यांदा जायचे धैर्य माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणी केले नाही, कारण गोपनीय अहवाल त्याच वरिष्ठांच्या हातात होता. म्हणून हुकूम मोडण्यासाठी वरिष्ठाच्या दारात दुसऱ्यांदा उभे राहणे काय असते, ते मला ठाऊक आहे. आपण त्याला मैत्री म्हणू नका हवे तर, पण ते पगाराच्या कामात बसत नाही.

ओंजळ

दोघांनाही एकच विचारते. तुमची गोष्ट १८७७ मध्येच का थांबते? १८७९ मध्ये हाच माणूस ओग्लालांच्या पाइन रिज या राखीव प्रदेशाचा एजंट, म्हणजे सरकारी प्रशासक, झाला आणि १८८६ पर्यंत त्या खुर्चीत राहिला. क्रेझी हॉर्सच्या लोकांचे, म्हणजे त्याच ओग्लालांचे, अन्न, शाळा, पोलीस सगळे त्याच्या मुठीत होते. मुलाला शाळेत पाठवले नाही तर शिधा रोखायचा, सूर्यनृत्य हा त्यांचा धार्मिक विधी बंद करायचा, रेड क्लाउडसारख्या वयोवृद्ध नेत्याला सरदार मानायलाच नकार द्यायचा, हे सगळे त्याने केले. निवासी शाळेच्या पहिल्याच दिवशीची हकीकत सांगतात. आत एकेका मुलाची वेणी कापणे सुरू होते, वाऱ्याने खिडकीचा पडदा हलला, बाहेरच्यांना कात्री दिसली आणि सगळी शाळा किंचाळत रिकामी झाली. लाकोटांमध्ये केस कापतात ते शोकात. त्या पोरांना काय वाटले असेल?

मी नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत शिकले. पहिल्या वर्षी पावरीत, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, बोलले की छडी मिळायची. माझी धाकटी बहीण तर पहिले दोन महिने बोललीच नाही, आणि गुरुजींनी तिला मंदबुद्धी ठरवून टाकले. त्या शाळेतही एक प्रेमळ डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, गोळ्या द्यायचे, डोक्यावरून हात फिरवायचे. त्यांच्याविषयी मला आजही राग नाही. पण ते आमचे मित्र होते असे कोणी लिहिले, तर मी त्याला विचारीन की छडीबद्दल ते कधी कोणाशी बोलले का.

निवृत्त फौजी

ओंजळताई, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो, आपण एजंटांचा सगळा इतिहास एका माणसाच्या माथी मारत आहात. मी सैन्याच्या वैद्यकीय दलात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे गणवेशातला डॉक्टर म्हटले की लगेच आरोपी, हा सूर मला खपत नाही. मॅगिलिकडीने पाइन रिजवर फौज ठेवू दिली नाही. पन्नास लाकोटांचे पोलीस दल उभारले, त्याचा कॅप्टन लाकोटाच, जॉर्ज स्वोर्ड. सात वर्षे हजारो माणसांचा कारभार सैनिकांवाचून चालला आणि रेड क्लाउडशी एवढा संघर्ष असूनही रक्त सांडले नाही. वॉशिंग्टनने लादलेला कारकून स्वीकारायला नकार दिला, म्हणून त्याला काढले.

त्यानंतर काय झाले तेही वाचावे. १८८९ मध्ये मोठा राखीव प्रदेश तुकडे करून संपवला, गोमांसाचा शिधा कापला, आणि उपासमारीत भूतनृत्याची, म्हणजे जुने दिवस परत येतील या आशेने करायच्या धार्मिक नृत्याची, लाट आली. तेव्हाचा एजंट रॉयर घाबरला आणि त्याने तारा करून फौज मागवली. साउथ डकोटाच्या गव्हर्नरचा प्रतिनिधी म्हणून मॅगिलिकडी तेथे गेला आणि त्याने स्पष्ट सांगितले की ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तयारी करणाऱ्या ॲडव्हेंटिस्टांवर सरकार फौज धाडत नाही, मग यांच्यावर कशासाठी? त्याचे ऐकले गेले नाही. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे सातव्या घोडदळाने बायका-मुलांसह माणसे मारली. ज्याचे ऐकले असते तर ही कत्तल टळण्याची शक्यता होती, त्यालाच आपण कात्रीवाला म्हणून मोडीत काढता?

ओंजळ

मी आरोपी म्हटलेले नाही. ते शब्द माझ्या तोंडी घालू नयेत. शिधा रोखला की नाही, एवढे सांगा. रक्त सांडले नाही हे प्रशस्तिपत्र तुम्ही देता, कारण तुमच्या मते बंदूक न चालवता जे होते ते सौम्यच असते. माझ्या आजीने वनखात्याच्या माणसासमोर हात जोडून सरपण मागितले, तेव्हाही रक्त सांडले नव्हते. आणि लाकोटांचेच पोलीस म्हणून कौतुक कशाला? लाकोटाला लाकोटाच्या दारात उभे करणे हीच त्या कारभाराची युक्ती होती. १८९० मध्ये लाकोटा नेता सिटिंग बुलला मारले ते स्टँडिंग रॉक या दुसऱ्या राखीव प्रदेशाच्या आदिवासी पोलिसांनीच.

निवृत्त फौजी

शिधा रोखला, मान्य. तो कायदा वरून आलेला होता आणि सर्वच एजंट ते करीत होते. स्टँडिंग रॉकचा हिशेब मात्र पाइन रिजच्या खात्यात मांडू नये, कारण सिटिंग बुलच्या वेळी मॅगिलिकडीला पदावरून जाऊन चार वर्षे झाली होती. वाद घालायचा तर निदान माणसे तरी नीट वेगळी ठेवावीत.

अश्विनी दे.

थोडे अवांतर वाटेल, पण तसे नाही. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेथूनच १८८९ मध्ये ओमाहा जमातीतील सुझान ला फ्लेश डॉक्टर झाल्या. लहानपणी त्यांनी पाहिले होते की आजारी आदिवासी बाईसाठी गोऱ्या डॉक्टरला निरोपांवर निरोप गेले, तो आला नाही आणि बाई गेली. पुढे त्या आपल्याच लोकांत नेब्रास्कात राहिल्या, घोड्यावरून रुग्ण पाहत हिंडल्या आणि १९१३ मध्ये वॉलटहिलला रुग्णालय उभे केले. वुंडेड नीच्या वेळीही पाइन रिजवर डकोटा डॉक्टर चार्ल्स ईस्टमन होते, आणि नाताळच्या हिरव्या डहाळ्यांनी सजवलेल्या चर्चमध्ये जखमी जमिनीवर निजवून त्यांनी उपचार केले. आपण मराठी लोक आनंदीबाईंचे नाव घेताना डोळे पुसतो आणि या दोघांचे नावही घेत नाही. गोऱ्या डॉक्टरची मैत्रीच आपल्याला हृद्य का वाटते, याचा विचार व्हावा.

अनिरुद्ध स.

चर्चा शिध्यावर गेली त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण मैत्रीचा प्रश्न तेथेच येऊन मिळतो. सुनीताताईंनी सांगितलेल्या त्या रात्रीच्या दोन फेऱ्या मी नाकारत नाही. त्या रात्रीपुरते मान्य. पण ही हकीकत बहुतांशी कोणाकडून येते, ते पाहा. ती येते मॅगिलिकडीच्या उतारवयातील पत्रांतून आणि त्याच्या दुसऱ्या पत्नीने लिहिलेल्या, १९४१ मध्ये छापलेल्या चरित्रातून. क्रेझी हॉर्सने या डॉक्टरविषयी काय म्हटले, ते आपल्याला डॉक्टरच्याच तोंडून कळते.

आता दुसरीकडून ऐका. १९३० मध्ये 'हे डॉग' (He Dog) नावाच्या वृद्ध लाकोटाची मुलाखत नोंदवली गेली. हा क्रेझी हॉर्सचा बालपणापासूनचा सोबती. अटकेच्या आधी हे डॉग गोऱ्यांच्या सल्ल्याने ओढ्यापलीकडे तळ हलवायला निघाला, तेव्हा त्याने मित्राला विचारले की मी पलीकडे गेलो तर आपण शत्रू होणार का? क्रेझी हॉर्स हसला आणि म्हणाला की मी काही गोरा माणूस नाही, अशा रेघा गोरेच आखतात, जागा भरपूर आहे, तुला हवा तेथे तळ टाक. आणि ५ सप्टेंबरला तो कँप रॉबिन्सनमध्ये शिरत असताना हाच हे डॉग घोड्यावरून जवळ येऊन सावध राहा म्हणाला. दोघांची मते वेगळी, तळ वेगळे, आणि तरीही एकमेकांवर हक्क. ती मैत्री. तिच्यावर कोणी लेख लिहीत नाही, कारण तिच्यात गोरा माणूस नाही.

सुनीता वै.

हे डॉगचा दाखला चांगला आहे, पण त्यातून आपल्याला हवे ते निघत नाही. एका माणसाला बालमित्र असला म्हणून दुसरा कोणी मित्र होऊ शकत नाही, असे कसे? मॅगिलिकडीने त्याला छायाचित्र काढू देण्याविषयी वारंवार विचारले आणि त्याने दर वेळी नाही म्हटले. माझी सावली काढून घेऊन आयुष्य का कमी करतोस, असे तो म्हणाल्याचे डॉक्टरच सांगतो. सारी छावणी सैन्याच्या ताब्यात होती, छायाचित्रकार येत-जात होते, इतर सरदारांची चित्रे निघाली. क्रेझी हॉर्सचे खात्रीलायक छायाचित्र आजही नाही. विचारणारा शरणागताचा मालक होता असे आपण म्हणता. मग हा नकार कसा टिकला?

ओंजळ

नकार टिकला कारण क्रेझी हॉर्स क्रेझी हॉर्स होता. त्याचे श्रेय तुम्ही डॉक्टरला देता आहात.

सुनीता वै.

श्रेय त्यालाच आहे, पण ऐकून घेणाराही लागतो, आणि त्या छावणीत ऐकून घेणारे फार नव्हते. तुमच्या शाळेतल्या डॉक्टरांविषयी राग नाही असे तुम्हीच लिहिले आहे. छडीबद्दल ते बोलले नाहीत हा त्यांचा दोष, हे मी मान्य करते. मॅगिलिकडी कोठडीबद्दल बोलला, दोनदा बोलला.

ओंजळ

आणि दोन वर्षांनी एजंट झाल्यावर वेण्या त्याच्याच शाळेत कापल्या गेल्या. त्या रात्रीचे दोन शब्द मी मोजते, सुनीताताई, पण ते त्या मुलांच्या खात्यात जमा करणार नाही. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात तो वारला आणि त्याच्या अस्थी ब्लॅक हिल्सच्या सर्वोच्च शिखरावर ठेवल्या गेल्या. क्रेझी हॉर्सला त्याच्या आई-वडिलांनी कोठे पुरले ते कोणालाही सांगितले नाही. शिखराचे हार्नी हे नाव काढून २०१६ मध्ये त्याला ब्लॅक एल्क या लाकोटा धर्मपुरुषाचे नाव मिळाले; ते डोंगर मात्र लाकोटांना अजून परत मिळालेले नाहीत, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली भरपाई त्यांनी आजवर उचललेली नाही. पुढचा लेख लिहायचा तर त्यावर लिहा.