वॉरंटी संपलेला हँडहेल्ड जीपीएस: उघडून जोडावा की कपाटात ठेवावा?

घाटवेडा

माझा हँडहेल्ड जीपीएस यंदा बारा वर्षांचा झाला. वॉरंटी एक वर्षाची होती, म्हणजे अकरा वर्षं बोनसच. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, अलंग-मदन-कुलंग, सगळीकडे तो सॅकच्या पट्ट्याला लटकलेला. गेल्या डिसेंबरात बेलपाड्याहून नळीची वाट चढताना त्याच्या कडेचा रबरी पट्टा उसवला आणि जिभेसारखा बाहेर लोंबायला लागला. त्याआधी वर्षभर तो चिकट होतच होता. हाताला काळं, रुमालाला काळं, बायकोच्या ओढणीला काळं.

हा पट्टा शोभेचा नाही. दोन अर्ध्या कवचांची फट त्याच्याखाली झाकलेली असते आणि कडेची बटणं त्याच्यावरूनच दाबायची. चालू-बंदच्या बटणावर तर आरपार भोक पडलं होतं. म्हणजे पावसाला उघडं दार.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर: "सर, रिपेअर होत नाही, रिप्लेसमेंट मिळेल." रिप्लेसमेंट म्हणजे काय? तर माझा ठेवून घेणार, दुसऱ्या कुणाचा तरी दुरुस्त केलेला मला देणार आणि वर नव्याच्या निम्म्याहून जास्त पैसे घेणार. म्हणजे दुरुस्ती होते, फक्त माझ्यासमोर होत नाही.

मग दोन रविवार घातले. हेअर ड्रायरने पट्टा कोमट करून सोलला. खालचा गोंद गुळाच्या पाकासारखा झाला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन काढला. बटणावरच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. सेलच्या स्प्रिंगा खोडरबराने घासून किंचित ताणल्या. पूर्वी धावताना धक्का बसला की यंत्र बंद पडायचं, ते त्या ढिल्या स्प्रिंगांमुळेच. शेवटी सगळ्या फटीवरून सिलिकॉन फिरवलं. खर्च साडेतीनशे रुपये. चालतोय.

माझं मत सरळ आहे. जी वस्तू चार स्क्रू काढले की उघडते, ती भंगारात टाकणं हा आळस आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडावं, भांडायलाच धागा काढलाय.

फोनवाला

काढलायत तर घ्या. साडेतीनशे रुपये आणि दोन रविवार कशासाठी? खिशातला फोन हे सगळं करतो. ऑफलाइन नकाशे उतरवून घ्यायचे, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, सोबत पॉवर बँक. आजकालचे बरेच फोन उपग्रहांच्या एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही लहरींवर ऐकतात. तुमचं बारा वर्षांचं यंत्र फक्त एल-१ वर. सांधण दरीसारख्या ठिकाणी कड्यावर आपटून आलेला सिग्नल ओळखायला दुसरी लहर कामाला येते. जुन्या वस्तूवरचं प्रेम समजू शकतो, पण प्रेम वेगळं आणि अचूकता वेगळी.

घाटवेडा

एल-५ चं मान्य. आता जुलैत भीमाशंकरच्या शिडी घाटात उभे राहा, रेनकोटच्या बाहीतून पाणी ओघळतंय, आणि फोनचा नकाशा दोन बोटांनी मोठा करून दाखवा. ओल्या काचेला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते कळत नाही. माझ्या यंत्राला बटणं आहेत. दोन पेन्सिल सेलवर सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो आणि सेल संपले तर घाटाखालच्या गावातल्या किराणा दुकानात मिळतात.

निसरडी

मला फोन विरुद्ध जीपीएस या वादात रस नाही, तो दर पावसाळ्यात होतो. माझा विरोध वेगळा आहे. घरी बसून काय उघडायचं ते उघडा, कौतुकच आहे. पण मी ट्रेक लीड करते, आणि घरी ठिगळ लावलेलं यंत्र हातात घेऊन पंधरा जणांच्या पुढे चालणाऱ्या माणसाला मी लीडर म्हणून उभं करणार नाही.

कारण सांगते. चार वर्षांपूर्वी आहुप्याच्या पठारावर ऑगस्टमध्ये आमच्यातल्या एकाचं असंच 'मीच दुरुस्त केलंय' यंत्र होतं. धुकं इतकं की पुढच्याची सॅक दिसत नव्हती. यंत्र बंद पडलं असतं तर आम्ही पहिल्याच मिनिटाला थांबलो असतो. पण ते बंद पडत नव्हतं, अधूनमधून चालत होतं. पाच मिनिटं चालू, मग काळं, मग परत चालू. दर वेळी "आता लागला, आता लागला" म्हणत आम्ही पन्नास पावलं पुढे. शेवटी पायाखालून वारा वर यायला लागला तेव्हा कुणीतरी ओरडलं. कड्याच्या किती जवळ होतो हे धुकं उठल्यावर कळलं, आणि तिथे तासभर कुणी कुणाशी बोललं नाही.

मेलेलं यंत्र परवडतं. अर्धमेलं नको.

घाटवेडा

निसरडीताई, प्रसंग वाचून पोटात गोळा आला. तरी एक विचारतो. ते यंत्र नवं कोरं असतं आणि सेल ढिले बसले असते, तर वेगळं काय झालं असतं? चूक अधूनमधून चालणाऱ्या यंत्रावर पन्नास पावलं टाकण्याची होती. शिवाय माझ्या यंत्राची कुठली बाजू कच्ची आहे हे मला ठाऊक आहे. नव्याचं ते कुणाला ठाऊक असतं?

निसरडी

कच्ची बाजू ठाऊक आहे, बरं. मग सांगा, पाणी आत शिरत नाही हे तपासलंत का? की 'चालतोय' एवढ्यावरच समाधान?

खडपातलो

आमच्या होडयेवरलो जीपीएस मी दोनदा उघडलंय. नवीन घेवक पैसे आसत. पण बापाशीन आणि मी टिपलेले खडपांचे, म्हणजे पाण्यातल्या खडकांचे, दोनशेवर पॉइंट त्यात आसत, ते खंय मिळतले? सर्व्हिसवालो म्हणता मशीन ठेवन जावा, बदली देतंव. पॉइंटांचा विचारलंय तर म्हणता डेटाची गॅरंटी नाय. खडप चुकलो तर जाळा फाटता, आणि जाळ्याची किंमत मशीनीपेक्षा जास्त. तुमी घाटावरचे भांडत बसा.

घाटवेडा

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता! बदलीत आपलं यंत्र जातं, म्हणजे आतल्या नोंदीही जातात. दादा, आधी केबल लावून ते पॉइंट जीपीएक्स, म्हणजे जीपीएसच्या नोंदींच्या, फाइलमध्ये काढून ठेवा. दोन ठिकाणी ठेवा.

खडपातलो

केबल लावचो भोकच गंजान गेलोहा. म्हणान तर उघडलंय.

मोजणीदार

मी निवृत्त माणूस, आयुष्य मोजणीत गेलं. २ मे २००० च्या आधी अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभर मीटर इकडे-तिकडे दाखवायचा. ते दिवस पाहिलेल्याला तुमचा एल-१ वाला पुष्कळ झाला. तेव्हा अचूकतेवरून जुनं टाकू नका, एवढं घाटवेड्यांच्या बाजूने.

आता विरुद्ध बाजूने. बटणं बदलाल, रबर बदलाल, फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, कोण देणार? या मूळ सिग्नलमध्ये तारखेसाठी आठवडे मोजायला दहाच बिट आहेत. १०२४ आठवडे झाले की काटा शून्यावर. एकदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, परत ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं, पुढचं २०३८ च्या नोव्हेंबरात. सगळ्याच यंत्रांना झटका त्याच दिवशी बसतो असं नाही, कुणाच्या फर्मवेअरमध्ये मोजणी कुठून सुरू केली आहे त्यावर ते ठरतं. माझ्याकडे एक जुनं यंत्र आहे, कंपनीने त्याचं अपडेट केव्हाच बंद केलं. जागा अगदी बरोबर दाखवतं, तारीख मात्र १०२४ आठवडे मागची. २०२४ च्या १५ ऑगस्टला ते ३० डिसेंबर २००४ म्हणत होतं.

हसण्यावारी नेऊ नका. सूर्यास्ताची वेळ ते त्या तारखेवरून काढतं. २५ डिसेंबरला त्याच्या मते ११ मे असतो. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, ते सात सांगतं. जवळपास तासभर उजेड फुकटचा. उतरताना त्या तासाच्या भरवशावर बसलात तर?

आणि एक. वर्षभर कपाटात पडलेलं यंत्र उघड्यावर नेलं की लगेच जागा सापडत नाही म्हणून लोक 'बिघडलं' म्हणतात. त्याच्याकडचं उपग्रहांचं पंचांग शिळं झालेलं असतं. ते पूर्ण उतरवून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्या गच्चीवर ठेवा, चहा पिऊन या. निम्मी 'दुरुस्ती' त्यातच होते.

फोनवाला

काकांनी माझंच काम केलं. धन्यवाद.

मोजणीदार

तुमच्या फोनला किती वर्षं अपडेट मिळणार तेही बघून ठेवा.

सोल्डरदादा

उशिरा आलो. माझा दुरुस्तीचाच धंदा आहे, त्यामुळे मी घाटवेड्यांच्या पक्षात. पण एक सांगा, फटीवर फिरवलेलं सिलिकॉन कुठलं? लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला का?

घाटवेडा

आला की. बाथरूमच्या फरश्यांसाठी आणलेली ट्यूब घरात होती, तीच. का?

सोल्डरदादा

घात केलात. ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. फरशीला काही होत नाही. पण बंद डबीत ते ॲसिड तांब्यावर बसतं आणि तांबं हिरवं पडतं. इलेक्ट्रॉनिक्सला 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं लागतं, ज्याला आंबूस वास येत नाही. आजच उघडा. उघडताना थिनर किंवा ॲसिटोन अजिबात लावू नका, प्लास्टिकच्या खिडकीला बारीक तडे जातील. पातं, धीर आणि अल्कोहोल.

आणि निसरडीताई बरोबर विचारतायत. तपासणी केलीच नाही तर दुरुस्ती अर्धीच झाली. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं, एवढं मूळ यंत्राचं बोलणं असतं. आपण घरी तितकं करू शकत नाही, बादली काही एक मीटर खोल नसते. पण निदान बोर्ड आणि डिस्प्ले काढून, रिकाम्या कवचात कोरडा टिश्यू भरून, सगळं बंद करून बादलीत दाबून ठेवा. अर्ध्या तासाने टिश्यू बघा. कुठला कोपरा ओला झाला, त्यावरून पाणी कुठून आलं ते कळतं.

बादवे, स्प्रिंगा ताणल्यात ते ठीक. रिचार्जेबल सेल घालत असाल तर मेन्यूत सेलचा प्रकार बदला. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. न बदलल्यास बॅटरीचा आकडा खोटं बोलतो आणि लोक बिचाऱ्या बोर्डाला दोष देतात.

निसरडी

घाटवेडाजी, "कुठली बाजू कच्ची आहे हे मला ठाऊक आहे" हे कोण म्हणालं होतं?

घाटवेडा

मी. नाक घासतो.

कायदाबियदा

मूळ प्रश्नावर कुणीच येत नाहीये. सुटे भाग आणि माहिती आपल्याला विकत का मिळू नये? ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू झालं. पण निवडलेली क्षेत्रं कोणती? शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं, गाड्या. ट्रेकरचा जीपीएस यात कुठे बसतो? ना फोनमध्ये ना ट्रॅक्टरमध्ये. बाथरूमची ट्यूब लावायची वेळ ग्राहकावर येते ती यामुळे. रबराचा पट्टा आणि सीलची रिंग कंपनीने विकली असती तर हा धागाच निघाला नसता.

फोनवाला

कंपनीने पट्टा विकला असता तरी लावणारा हाच मनुष्य होता.

घाटवेडा

फोनवाले, तुम्ही जेवायला भेटाच एकदा.

दरम्यान भाचा अमेरिकेतून म्हणतोय, "मामा, नवाच आणतो, त्यात मेसेजही पाठवता येतात."

मोजणीदार

नको! उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. विमानतळावर असे परदेशी प्रवासी अडकले आहेत. नुसता सिग्नल ऐकणारा जीपीएस चालतो, बोलणारा नाही. भाच्याला आजच कळवा.

घाटवेडा

कळवलं.

काल रात्री उघडला. सोल्डरदादा, दिवा लावून भिंगाने बघितलं. यूएसबीच्या भोकाशेजारी दोन टाक्यांवर हिरवी झाक आलेली आहे, देवळातल्या समईच्या बुडाशी येते तशी. दोनच महिने झालेत. अल्कोहोलने पुसली, निघाली. बाकी बोर्ड स्वच्छ. आंबूस सिलिकॉन नखाने आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायला तीन तास लागले. न्यूट्रलची ट्यूब हार्डवेअरवाल्याकडे नव्हती, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्याकडे मिळाली.

आज सकाळी टिश्यू भरून बादलीत बुडवला, वर वरवंटा ठेवला. अर्ध्या तासाने काढला. ठिगळ लावलेलं बटण कोरडं ठणठणीत, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. ओला झाला तो खालचा डावा कोपरा. यूएसबीचं रबरी बूच, ज्याला मी हातही लावला नव्हता.

निसरडीताई, येत्या ट्रेकला येतोय, पण मागे चालेन. यंत्र घरीच राहील. बुचाला काय लावायचं, सोल्डरदादा? रोज उघडझाक होणारी जागा आहे, तिथे चिकटवून टाकलं तर खडपातल्या दादांसारखं होईल.

सोल्डरदादा

चिकटवू नका. बुचाचा आतला ओठ झिजला असेल. फोटो टाका.