'नियामक' आणि 'निबंधक' एकच का?

प्रश्न, बीडहून : गावातल्या मल्टिस्टेटच्या, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी सोसायटीच्या, पाटीवर 'भारत सरकार नोंदणीकृत' असं ठळक लिहिलेलं असतं. आई म्हणते, सरकारचं नाव आहे म्हणजे रिझर्व्ह बँकेचं लक्ष असणारच. बातम्यांत 'नियामक' येतं, नोंदणीच्या कागदावर 'निबंधक'. अर्थ एकच आहे का?

उत्तर, परभणीहून : नाही ताई, आणि आपल्या भागात हा फरक घराघरांत कळायला हवा. निबंधक म्हणजे नोंदणी करणारा अधिकारी. मल्टिस्टेट सोसायटीची नोंदणी २००२च्या कायद्याखाली दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे होते. तो कायदा सहकाराचा आहे, बँकेचा नाही. नियामक मात्र परवाना देतो, तपासणी करतो, दंड करतो आणि परवाना काढूनही घेतो. बँकांसाठी हे काम रिझर्व्ह बँक करते, शेअर बाजारासाठी सेबी. विम्याच्या प्राधिकरणाच्या तर नावातच 'नियामक' आहे.

खरा फरक पडतो तो पैसे बुडाल्यावर. बँक बुडाली, अगदी नागरी सहकारी बँक असली तरी, ठेव विमा महामंडळाकडून मुद्दल आणि व्याज धरून एका ठेवीदाराला त्या बँकेमागे ५ लाखांपर्यंत रक्कम मिळते. २०२०च्या आधी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटीच्या ठेवींना हे कवच नाही. कापसाची पट्टी आली की दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथं ठेव ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

पुरवणी, लातूरहून : 'निर्बंध' हा शब्दही जोडा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली रिझर्व्ह बँकेनं पैसे काढण्यावर मर्यादा घातली की लोक लगेच 'बँक बुडाली' म्हणतात. निर्बंधांत परवाना कायम असतो. 'परवाना रद्द' ही वेगळी पायरी.

पुन्हा बीडहून : आणि 'एमपीआयडी लागला' म्हणतात ते?

परभणीहून : तो १९९९चा राज्याचा कायदा, ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा. त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होते, न्यायालयाच्या आदेशानं ती विकून ठेवीदारांना वाटप होतं. म्हणून 'लागला' म्हणजे 'मिळाले' नव्हे. जप्तीपासून वाटपापर्यंत वर्षं जातात. पावती, पासबुक, पिग्मीचं कार्ड, सगळं सांभाळून ठेवा. दावा त्यावरच उभा राहतो.