कव्वाली म्हणजे नुसता गोंगाट?

गुरुवारकर:
कालच्या गाण्यांच्या धाग्यावर 'निवांत' यांनी ठोकून दिलंय, की कव्वाली म्हणजे टाळ्या आणि गोंगाट, खरं सूफी संगीत डोळे मिटून शांतपणे ऐकायचं असतं. तिथे दोन ओळींत भागलं नसतं, म्हणून हा धागा.

निवांतराव, तुम्ही म्हणता ते हॉटेलच्या लॉबीत वाजतं. दर्ग्यातला कव्वाल डोळे मिटत नाही, ऐकणाऱ्यांवर नजर ठेवून असतो. दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या अंगणात एका गुरुवारी बसलो होतो. एका मिसऱ्यावर, म्हणजे शेराच्या एका ओळीवर, समोरचे म्हातारबुवा नुसते हलले. मुख्य गवयाने ते टिपलं आणि पुढे न जाता तोच मिसरा पुन्हा, पुन्हा, दहा-बारा वेळा, मध्ये दर वेळी नवी गिरह, म्हणजे मध्येच गुंफलेला दुसरा शेर. मागे आठ-नऊ वर्षांचं पोर टाळी धरून होतं, तळवे लालबुंद. बुवा उठले, दहाची चुरगळलेली नोट पेटीवर ठेवली, रडत जागेवर आले. मग गाडी पुढे सरकली. टाळी काढा, सगळं बसतं की नाही बघा. सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली असाच एक फारसी शेर ऐकता ऐकता गेले, असं त्यांच्या चिश्ती या सूफी पंथाची मंडळी सांगतात. म्हणे शांत!

निवांत:
पोराचे लाल तळवे तुम्हाला कौतुकाचे वाटतात, छान. ज्यांच्या अंगणात बसला होतात, त्या निजामुद्दीन औलियांनीच समाला, म्हणजे सूफी गाणं ऐकण्याच्या मैफलीला, अटी घातल्या होत्या. गाणारा प्रौढ पुरुष हवा, पोर नको. वाद्यं नकोत. आता बोला. आणि नक्शबंदी या दुसऱ्या सूफी पंथाला तर हा प्रकार मान्यच नव्हता.

गुरुवारकर:
कव्वाली मान्य नसणारे पुष्कळ आहेत. कव्वाल अमजद साबरींना २०१६ साली कराचीत गोळ्या घातल्या, त्यांनाही गोंगाट सोसवत नसावा.

निवांत:
मला मारेकऱ्यांच्या पंगतीला बसवताय? शब्द मागे घ्या, मग पुढचं.

पेटीमास्तर:
भांडा तुम्ही. 'वाद्यं नकोत' वाचून माझं डोकं वेगळ्याच कारणाने फिरलं. १९४० ते १९७१ रेडिओवर पेटीला बंदी होती. एकतीस वर्षं! कारणं काय, तर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, परदेशी आहे, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत. आमच्या वडिलांनी भजनी मंडळात हयात घालवली, एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, 'पेटी बाजूला ठेवून गा.' वडील त्या दिवशी जेवले नाहीत. कव्वालांनी तिला पहिल्या रांगेत मांडीपुढे बसवलं, मला तेवढं पुरे.

खर्ज:
पहिल्या रांगेत बसवलं ते सारंगीला उठवून. पूर्वी कव्वालीत सारंगी असायची.

पेटीमास्तर:
दर चीजेला तारा जुळवत कोण बसणार? मैफल थांबते. आणि सारंगियांना उपाशी मारलं ते पेटीने नव्हे. 'कोठ्यावरचं वाद्य' म्हणून नाकं मुरडणाऱ्या तुमच्यासारख्या सोवळ्यांनी मारलं.

खर्ज:
मी सोवळा? माझे आजोबा सारंगी वाजवायचे. शेजारी झोपू देत नाहीत म्हणून रात्री उशी लावून रियाज करायचे. मला शिकवू नका.

पेटीमास्तर:
हे आधी सांगायचं ना. आजोबांना नमस्कार. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

जाईची_आई:
पेटी, सारंगी, टाळी, सगळा पुरुषांचा कारभार. विजापूरकडच्या सूफींचे दखनी बोलीतले चक्कीनामे, म्हणजे जात्यावरची गाणी, ऐकलेत का कुणी? जात्याचा खुंटा, पाळ, त्यात अल्लाचं नाव गुंफलेलं, आणि म्हणणाऱ्या दळणाऱ्या बायका. आपल्या ओव्यांची सख्खी मावशी. निवांत, वाद्याविना सूफी गाणं हवं ना? हे घ्या. फक्त डोळे मिटून ऐकायच्या आधी पायलीभर दळून दाखवा.

निवांत:
दळतो. पण या गाण्याला टाळी लागत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभार.

गुरुवारकर:
साबरींचं वाक्य मागे घेतो, जास्त झालं. पोराचंही मान्य, अटीत बसत नाही. पण तो मोठा होऊन त्याच अंगणात गाणार आहे, आणि ते तुमच्या लॉबीत शिकता येत नाही.

खर्ज:
मास्तर, आमच्याकडे माळ्यावर एक पेटी पडून आहे. भाता फाटलाय, भंगारवाला दोनशे म्हणतो.

पेटीमास्तर:
थांबा!! आतले सूर जर्मन आहेत का बघा आधी. भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.